फ्रीलान्सरने सुट्टी मागायची कुणाकडे? (बर्नआउट, दोन महिने काम बंद, आणि पाऊस)

कुळागर | ११ मे २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फोंडा तालुक्यात राहते. अकरा वर्षं घरून सबटायटल आणि भाषांतराचं काम करते आहे, इंग्रजीतून मराठीत आणि थोडं कोकणीत. घरी नवरा (नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत), सासूबाई आणि सहावीतली मुलगी. काम मला मनापासून आवडायचं. वाक्य दोन ओळींत बसवायचं, माणूस बोलायचा थांबला की अक्षरंही गेली पाहिजेत, वाचणाऱ्याची दमछाक होता कामा नये. या कारागिरीत मला खरंच आनंद होता.

एप्रिलमधल्या एका रात्रीची गोष्ट. पडद्यावर एक म्हातारा आपल्या मुलाला घराबाहेर काढतो. तोंडात एकच शब्द. मी लिहिलं 'जा'. पुसलं. 'निघ'. पुसलं. 'चालता हो'. पुसलं. घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं गेली होती आणि तिन्ही शब्द मला सारखेच दिसत होते, म्हणजे कुठल्याच शब्दाचा अर्थ आत पोचत नव्हता. लॅपटॉप बंद केला, पडवीत जाऊन बसले. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला तेव्हा कळलं की आपण रात्रभर इथेच होतो.

ते अचानक झालं नव्हतं. वर्षभर असंच चाललंय. कुणी समोर बोलायला लागलं की मनातल्या मनात मी त्याच्या वाक्याचे तुकडे पाडते, दोन ओळींत बसेल का बघते. मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत असते आणि मी मोजत असते. दर उतरलेत हेही खरं. आता यंत्राने आधीच केलेलं भाषांतर 'फक्त तपासून' द्यायचं असतं, पैसे निम्म्याहून कमी, आणि मेहनत जवळजवळ तेवढीच. त्यामुळे काम दुप्पट घेतलं. रविवार कधी बंद पडला ते आठवतही नाही.

ठरवलंय की १ जून ते ३१ जुलै काहीही काम घ्यायचं नाही. घरखर्चातला माझा वाटा महिना ३२ हजार. साठवलेले १ लाख ६० हजार आहेत, आणि ७४ हजार यायचे आहेत. म्हणजे दोन महिने सहज निघतील असं मला वाटतं. तरी छाती धडधडते. नोकरीवाल्याला रजेचा अर्ज देता येतो. साहेब हो म्हणो वा नाही म्हणो, निदान कुणीतरी उत्तर देतं. मी अर्ज कुणाला देऊ?

इथे कुणी असं केलंय का? क्लायंटना काय सांगितलंत? परत आल्यावर काम मिळालं का? खरं खरं सांगा.

---

नवखी | ११ मे, रात्री ११.५८

ताई, तो मोजण्याचा प्रकार वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी डेटा एंट्री आणि सोशल मीडियाची कामं करते, पेडण्याला. मला आता मेसेजचा आवाज ऐकला तरी पोटात गोळा येतो. वाचत राहीन.

---

म्हापशाचा_कॅमेरा | १२ मे, सकाळी ७.१५

लग्नांचे फोटो काढतो, चौदा वर्षं झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी श्वास घ्यायला वेळ नसतो. लोक म्हणतात तुम्हाला काय, पावसाळाभर सुट्टी. तशी ती असतेही, पण काम नसणं आणि विश्रांती असणं यांत किती अंतर आहे ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं.

जूनमध्ये कॅमेरे, लेन्स कपाटात ठेवल्या आणि पुढे दोन महिने उघडून बघितल्याच नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे लेन्सला बुरशी धरते हे मला काय नवीन आहे? दर आठवड्याला सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या, कपाटाच्या काट्यावर दमटपणा किती ते बघायचं, हे मी नवख्या पोरांना शिकवतो. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर माझ्या सगळ्यात आवडत्या लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती बघून मला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

ते दोन महिने मी झोपून काढले होते, पण डोक्यात चोवीस तास हप्ता, पुढच्या सीझनची बुकिंगं, कोण किती दर लावतोय हेच. ती सुट्टी नव्हती, नुसतं थांबून राहणं होतं. तुम्ही तारीख ठरवून थांबताय, ते फार बरं करताय. तारीख बदलू नका.

---

हिशेबनीस | १२ मे, दुपारी १.०५

मडगावला कर सल्लागार म्हणून काम करतो. कुळागर ताई, तुमचा हिशेब बघितला. पैसे पुरतील, पण खड्डा तुम्हाला वाटतो तिथे पडणार नाही.

तुमच्या क्षेत्रात बिल दिल्यावर साधारण ४५ दिवसांनी पैसे येतात असं धरतो. मेअखेर दिलेल्या बिलांचे पैसे १५ जुलैपर्यंत येत राहतील. म्हणजे सुट्टीचा पहिला दीड महिना खातं हलतं राहील आणि तुम्हाला वाटेल, अरे, जमतंय की. ऑगस्टमध्ये काम सुरू कराल, महिनाअखेर बिल द्याल, ते पैसे १५ ऑक्टोबरला हातात. मधले तीन महिने, १५ जुलै ते १५ ऑक्टोबर, एक रुपया येणार नाही. आणि त्यातच २७ ऑगस्टला चवथ (गणेश चतुर्थी) आहे. सुट्टी दोन महिन्यांची, पण पैशाची सोय तुम्ही कामावर असतानाच्या महिन्यांसाठी करायची आहे. बरेच फ्रीलान्सर इथेच घसरतात. परतल्यावर खातं रिकामं दिसतं, घाबरून मिळेल त्या दरात मिळेल ते काम घेतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येतात.

तीन महिन्यांचे ९६ हजार आत्ताच वेगळ्या खात्यात टाका. चवथीचे वेगळे. आरोग्य विम्याचा हप्ता कुठल्या महिन्यात येतो ते बघा.

कागदपत्रांचं सांगतो. जीएसटी नोंदणी असेल तर काम शून्य असलं तरी रिटर्न भरावं लागतं. नाही भरलं तर शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क आहे, आणि सलग राहिलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. शून्याचं ३बी रिटर्न १४४०९ वर एसएमएस करूनही देता येतं. ॲडव्हान्स टॅक्सचा पहिला हप्ता १५ जूनला असतो. वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, इंजिनीअर वगैरे जे आयकराच्या ४४एडीए कलमाखाली अर्ध्या उत्पन्नावर कर भरतात त्यांना एकदाच, १५ मार्चपर्यंत भरला तरी चालतो. भाषांतर त्या यादीत बसतं असं गृहीत धरू नका, आपल्या कर सल्लागाराला विचारा.

आणखी एक. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करा, फुकट आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाला करार असेल तरीही ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. आता मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी करातून वजा करता येत नाही, त्यामुळे त्यांचे अकाउंटवालेही जागे झालेत. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

---

मुळा_मुठा | १२ मे, दुपारी ३.३०

मनापासून विचारतो, राग मानू नका. आम्ही इथून थकलो की गोव्याला येतो. तुम्ही तिथेच राहता. समुद्र, झाडं, शांतता सगळं दाराशी असताना माणूस इतका कसा थकतो?

---

कुळागर | १२ मे, रात्री १०.२०

मुळा_मुठा, राग नाही. पण हा प्रश्न मला नातेवाईकही विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुम्ही येता तेव्हा तुमचं घर, बिलं, आजारी माणसं पुण्यात ठेवून येता. माझं सगळं इथेच आहे. मी शेवटचा समुद्र पाहिला तो जानेवारीत, पाहुण्यांना दाखवायला नेलं तेव्हा. पावसात वीज जाते, इंटरनेट जातं, आणि मुंबईच्या माणसाला फाइल सहालाच हवी असते. मोबाईलवर नेट घेऊन बांदोड्याच्या चढावर गाडीत बसून मी फाइली पाठवल्या आहेत. 'सुशेगाद' (निवांत) हा शब्द लोक आमच्या कपाळावर चिकटवतात, आणि मग थकलो म्हणायचीही लाज वाटते.

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. चवथीचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. विम्याचा हप्ता सप्टेंबरात आहे, २८ हजार. सगळं वजा केल्यावर जेमतेम महिनाभराची गंगाजळी उरते. तरी जमतं. शतशः आभार.

---

पेन्सिल | १३ मे, सकाळी ९.४५

मी जरा वेगळं सांगणार आहे. कृपया मनावर घेऊ नका, पण हेही कुणीतरी सांगायला हवं.

मी चित्रकार, पाठ्यपुस्तकं आणि मुलांच्या मासिकांसाठी चित्रं काढतो. २०२२ मध्ये मीही सगळं बंद केलं होतं. सहा महिने. पहिले पंधरा दिवस छान गेले. मग सकाळी अकराला उठायला लागलो. मग आंघोळ दुपारी. मग कुणी भेटायला नको, कुणाचा फोन नको. चौथ्या महिन्यात भाचीने घोडा काढून दे म्हटलं आणि माझ्याने पेन्सिल उचलवेना. हात थरथरत होता. काम होतं तेव्हा निदान दिवसाला कणा होता, तोही मी काढून टाकला होता.

मला वर काढलं ते एका छोट्या कामाने. एका मासिकाच्या संपादकांनी आठवड्याला एक चित्र मागितलं, पोस्टकार्डाएवढं, घाई नाही. तेवढ्या एका चित्रासाठी मी गुरुवारी उठून दाढी करायला लागलो. म्हणून माझं म्हणणं, पूर्ण बंद करू नका. एक चांगला क्लायंट, एक आवडीचं काम ठेवा.

---

म्हापशाचा_कॅमेरा | १३ मे, सकाळी १०.३०

पेन्सिल, तुमचं दुखणं समजलं. पण एक ठेवलं की एकाचे चार होतात. मी 'फक्त एकच बारसं' म्हणून गेलो आणि त्या महिन्यात सहा समारंभ केले.

---

वैद्यकी | १३ मे, रात्री ९.१०

तिसवाडीत फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवते. कॅमेरा आणि पेन्सिल, तुम्ही दोघेही बरोबर असाल, कारण तुम्हाला झालं होतं ते बहुधा एकच नव्हतं.

'बर्नआउट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये वापरला तो दवाखान्यात स्वेच्छेने राबणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल. म्हणजे मन लावून काम करणारी माणसंच यात सापडतात हे पहिल्यापासून माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. कुळागर यांच्या लिहिण्यात तिन्ही आहेत.

नैराश्य मात्र आजार आहे आणि ते फक्त कामापुरतं राहत नाही. खाणं, झोप, आवडती माणसं, सगळ्यावर सावली पडते. नैराश्यात सगळं सोडून घरात बसलं तर माणूस आणखी खोल जातो. त्यावरच्या एका उपचारात नेमकं उलट करतात: रोज छोटी, अर्थ असलेली कामं ठरवून करायला लावतात. याचा एक मोठा अभ्यास आपल्याच गोव्यात झाला. संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत हे करून दाखवलं. २०१७ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. पेन्सिल, तुमच्या गुरुवारच्या चित्राने तुमच्यावर तेच काम केलं असावं.

म्हणून कुळागर, सुट्टीआधी दोन गोष्टी करा. रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२. माझ्याकडे 'बर्नआउट झालाय' म्हणून येणाऱ्या बायकांमध्ये थायरॉइड किंवा रक्त कमी असणं वारंवार सापडतं. आणि एकदा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जायला अजूनही लोक तोंड लपवतात. लपवू नका. आत्ता, मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. नवखी, हे तुम्हालाही सांगते आहे.

---

बेतूलकर | १४ मे, सकाळी ६.२०

माझे वडील ट्रॉलरवर तांडेल (होडीचे प्रमुख) होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, ६१ दिवस. तुम्ही निवडलेल्या तारखा वाचून बरं वाटलं.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. वडील त्या दोन महिन्यांत खरंच शांत असायचे. ओसरीवर जाळं पसरायचं, जाळ्याचं फाटलेलं घर बोटाने चाचपायचं, सुई घालायची. घाई नाही. मी मोठा झाल्यावर त्यांना विचारलं, पैशाची काळजी नव्हती का? म्हणाले होती, पण एक काळजी नव्हती. आपण किनाऱ्यावर असताना दुसरा जाऊन आपला मासा आणतोय, ही. बंदी सगळ्या ट्रॉलरना एकदम लागते. तुमच्या धंद्यात ती नाही. तुम्ही एकट्याच नांगर टाकता आणि बाकीच्या होड्या जाताना दिसतात. त्यामुळे तुम्हाला जड जाणारच. त्याला कमकुवतपणा समजू नका.

---

कुळागर | २५ मे, रात्री ८.०५

सगळ्यांचे पुन्हा पुन्हा आभार. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१. गोळ्या सुरू केल्या. बांबोळीला जाऊन आले. तिथल्या डॉक्टर बाईंनी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतलं. नैराश्य म्हणावं इतकं नाही, पण उंबरठ्यावर आहात, महिन्याने परत या म्हणाल्या.

बेतूलकर, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरून ठेवला आहे.

पाच क्लायंटना पत्र गेलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात तब्येत, माफी, घरची कारणं सगळं होतं. शेवटी एवढंच राहिलं: 'मी १ जून ते ३१ जुलै या काळात काम घेणार नाही. हातातलं सगळं काम ३० मेपर्यंत पोचेल. सोमवार, ४ ऑगस्टपासून पुन्हा उपलब्ध आहे. ऑगस्टसाठीच्या कामाची विचारणा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाठवल्यास सोयीचं होईल.' तिघांनी 'ठीक आहे' एवढंच कळवलं. एकाने आनंदाने सुट्टी घ्या म्हटलं. एकाकडून उत्तर नाही.

पेन्सिल, मी काम ठेवत नाही आहे. पण दिवसाला कणा हवा हे पटलं आहे. सकाळी बाहेर पडायचं, हे ठरवलंय.

---

हिशेबनीस | २८ मे, सकाळी ११.००

सगळ्यांसाठी: या वर्षी आयकर रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली आहे. कुळागर ताई, म्हणजे सुट्टीत ते डोक्यावर नको.

---

कुळागर | २२ जून, सायंकाळी ६.४०

तीन आठवडे झाले. खरं सांगायचं तर वाईट गेले.

पहिल्या आठवड्यात डोकं सतत दुखत होतं. रात्री दोनला जाग यायची, काहीतरी पाठवायचं राहिलं असं वाटून लॅपटॉपकडे जायचे. मग तो नवऱ्याने कपाटात ठेवला. मुलीवर दोनदा विनाकारण ओरडले.

आणि एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. मी 'घरी' आहे हे कळताच सगळ्या घराने मला हेरलं. गॅस एजन्सी, बँकेचं केवायसी, सासूबाईंचे डोळे, चुलत सासऱ्यांचा दाखला, शाळेची पालकसभा. शेजारची काकी कुंपणावरून रोज विचारायची, "आयज तुका काम ना गो?" दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी हिशेब केला तर ऑफिसच्या कामापेक्षा जास्त तास मी राबले होते, आणि त्याला कुणी काम म्हणतही नव्हतं. त्या रात्री नवरा आणि सासूबाईंना एकत्र बसवून बोलले. रडलेही. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला कधी कुणी सुट्टी दिली नाही, म्हणून ती कशी असते ते मला कळत नाही. तू सांग, मी करते." त्यांचं हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आता सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊला मी पिशवी घेऊन निघते, ऑफिसला निघाल्यासारखी. फोंड्याहून कदंबची बस पकडून पणजीला, पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. पहिल्या दिवशी मराठी विभागात पुस्तक घेऊन बसले आणि तासाभरात एक पान झालं. वाक्य वाचायचं की ते लगेच दोन ओळींत तुटायचं. कालपरवा बारा पानं झाली. शुक्रवारी जुन्या गोव्याला उतरले आणि दिवाडीच्या फेरीत बसले. पलीकडे काहीच काम नव्हतं. पावसात मांडवी मातकट झाली होती. पायी जाणाऱ्याला फेरीचे पैसे पडत नाहीत, म्हणून तशीच बसून परत आले. दोनदा.

---

पेन्सिल | २२ जून, रात्री ९.००

बारा पानं! ताई, मला किती आनंद झाला सांगू.

---

नवखी | २३ जून, सकाळी ८.३०

मी १४४१६ वर फोन केला. पंधरा मिनिटं बोलले. एवढंच सांगायचं होतं.

---

कुळागर | १३ जुलै, दुपारी ४.१५

नवखी, तुझी ती ओळ वाचून मी सासूबाईंना हाक मारून सांगितलं.

इकडे टायखिळ्याची रानभाजी संपत आली, अळमी (रानातली अळंबी) आली. सहा वर्षांनी मी स्वतःच्या हाताने अळम्यांचं तोंडाक (रस्साभाजी) केलं. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन माशेलच्या चिखलकाल्याला गेले. देवकीकृष्णाच्या देवळासमोर सगळे चिखलात लोळत होते आणि ती कडेला उभी राहून माझ्याकडे बघत होती, जाऊ का? मी जा म्हटलं. घरी येताना गाडीत ती सतत बोलत होती, आणि फोंडा आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकदाही मोजलं नव्हतं.

---

कुळागर | १४ सप्टेंबर, रात्री १०.३०

धागा वर काढते आहे, कारण परतल्यावर काय झालं हे विचारणारे तीन निरोप आले.

पाचपैकी तीन क्लायंट परत आले. ज्याने मेमध्ये उत्तर दिलं नव्हतं, त्याने दुसरं माणूस घेतलं. सुट्टी आनंदाने घ्या म्हणणाऱ्यानेही घेतलं. दुसऱ्याचं मला जास्त लागलं, कारण मी त्याच्यासाठी सात वर्षं सण-वार बघितले नाहीत. ऑगस्टचा पहिला आठवडा रिकामा गेला. बेतूलकर म्हणाले ते तेव्हा अगदी डोळ्यांसमोर होतं.

हिशेबनीसांनी सांगितलेला खड्डा नेमका तिथेच आहे. आज खात्यात बघितलं तर पोटात कालवतं. पण ते पैसे वेगळे ठेवलेत, म्हणून यंत्राचं काम तपासून द्यायच्या दोन मागण्यांना मी नाही म्हणू शकले. तिसरी घेतली, दर वाढवून मागितला आणि दिला त्यांनी. चवथ साधी केली. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) नेहमीसारखी भरली, फटाके नाहीत, मुंबईचे पाहुणे दीड दिवसच.

पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. दिवसाला सहा तासांच्या पुढे बसलं की डोक्यामागे तो जुना दाब येतो. तेव्हा उठते. रविवार परत आला आहे. हिमोग्लोबिन ११.४.

---

नवखी | १४ सप्टेंबर, रात्री ११.१०

ताई, माझ्याकडे दोन महिन्यांचे पैसे कधीच जमणार नाहीत. आई आणि मी दोघीच. तीन आठवड्यांचे आहेत. तीन आठवड्यांत काही होतं का, की उगाच पैसे जातील?

---

म्हापशाचा_कॅमेरा | १५ सप्टेंबर, सकाळी ७.००

मी येत्या वर्षी तीनच आठवडे घेतो आहे. १६ फेब्रुवारी ते ८ मार्च, कॅलेंडरवर लाल काट मारली. एका लग्नाला नाही म्हणालो. घ्या तुम्ही.

---

कुळागर | १५ सप्टेंबर, सकाळी ७.४०

नवखी, माझे पहिले तीन आठवडे डोकेदुखीत आणि घरच्या कामात गेले. ते आधी टाळता आले असते. तू आईशी आजच बोल, सुट्टी लागायच्या आधी, आणि घरची कामं कुठली करणार नाहीस ते कागदावर लिहून दे. पगाराचे पैसे यायची तारीख बघून त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी सुरू कर, म्हणजे खड्डा छोटा पडेल. रक्त तपासून घे. दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास आहे, त्यात अडकवू नकोस, नोव्हेंबर घे. मेसेजचं ॲप फोनमधून काढ, नुसता आवाज बंद करून होत नाही.

पत्राचा मसुदा तुला निरोपात पाठवते आहे. नाव आणि तारखा तेवढ्या बदल.